कोंबड्या उपास पाळत नाहीत

मुख्याध्यापिका सिस्टर लिओनींनी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये अडवलं आणि जयमालाच्या तळहातावर एक लाल अंडं ठेवलं. जयमालाचा हात उगाचच वर उडाला. अंड्याचं वजन किती असतं हे त्या हाताला लहानपणापासून पाठ होतं आणि तेवढ्या वजनाची त्यानं तयारी केली होती. पण अंड्यात काहीच नव्हतं. दोन्ही टोकांना सुईनं भोकं पाडून, फुंकून आतलं सगळं काढून टाकलेलं. अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीनच लागावी, तसं तिला झालं. लगेच राग आला. सिस्टर हसत होत्या. "मिसेस तांबे, तुम्ही इतिहासाच्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "गुरुवारी असेंब्लीत पाच मिनिटं बोला. ईस्टरला अंडी का रंगवतात, ही पद्धत आली कुठून. मुलांना कळायला हवं." जयमाला "हो, सिस्टर" म्हणाली. ती सगळ्यांनाच हो म्हणायची. देवाधर्माबद्दलचा तिचा तिरस्कार नोकरीच्या आड कधी येत नसे. तो आत, कोरडा, इस्त्री करून घडी घातलेल्या कपड्यासारखा जागच्या जागी असे.

वाशीची ती शाळा नवी होती, इमारतीला अजून चुन्याचा वास होता, आणि एकोणीसशे पंच्याऐंशीच्या त्या एप्रिलमध्ये सगळ्या शाळेला अंड्यांचाही वास होता. सिस्टर युरोपात सहा महिने राहून आल्या होत्या आणि येताना हे खूळ घेऊन आल्या होत्या. प्रत्येक मुलानं एक रिकामं अंडं आणायचं, रंगवायचं, आणि गुरुवारी हॉलमध्ये प्रदर्शन. म्हणजे ख्रिस्त शुक्रवारी मरायचा होता आणि त्याच्या पुन्हा उठण्याची अंडी गुरुवारीच रंगवून तयार, कारण सोमवारपासून वार्षिक परीक्षा. जयमालाला यातली सोय फार आवडली. त्याहून आवडले पालक. सेक्टर नऊमधल्या एका बाईंनी चिठ्ठी पाठवली होती की आमच्यात अंडं घरात येत नाही, तरी मुलाचे मार्क कापू नयेत. दुसऱ्या एकानं पिंगपाँगचा चेंडू रंगवून पाठवला होता. मॉन्सरेट नावाच्या मुलीच्या आईनं मात्र अख्खा डझन पाठवला होता, टोपलीत, रेशमी फितीसकट. मुलीला वर्गात पहिला नंबर हवा होता आणि ख्रिस्ताची मदत मिळाली तर नकोच होती असं नाही. स्टाफरूममध्ये संस्कृतच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "यात नवीन काय आहे हो? हिरण्यगर्भ! सोन्याचं अंडं! ब्रह्मांड म्हणजे तरी काय? अंडंच ना? सगळं आपल्याकडूनच गेलंय तिकडे." आणि डब्यातली अंड्याची नव्हे, बटाट्याची भाजी त्यांनी पोळीत गुंडाळली.  ब्रह्मांड चालतं, अंडं चालत नाही. या बाईंना जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या माजघरातून चोरीला गेलीय असं वाटायचं, आणि चोराबद्दल त्यांना राग नसून अभिमान होता.

तिनं शाळेच्या लायब्ररीतला जाड इंग्रजी विश्वकोश काढला. तिला वाचायला आवडायचं ते याचसाठी. पानं उलटता उलटता एकेक थोर गोष्ट गळून पडायची. सगळे सांगत होते की ईस्टरच्या आधी युरोपात एक वसंताची देवी होती, पहाटेची, अंड्यांची, सशांची. मग त्या देवीचा पत्ता काय? तर बाराशे वर्षांपूर्वी एका इंग्रज साधूनं एका पुस्तकात लिहिलेलं एक वाक्य: अमुक महिन्याला आमचे पूर्वज अमुक देवीचं नाव देत. बस. त्यात अंडं नाही, ससा नाही, वसंतसुद्धा नीटसा नाही. एका वाक्यावर पुढच्यांनी हजार वर्षं वारा भरला आणि देवी फुगून एवढी मोठी झाली. दुसरीकडे लिहिलं होतं की इराणात नव्या वर्षाला अंडी रंगवत. तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनी ती लाल रंगवली आणि म्हणाले, हे प्रभूचं रक्त. कुणी सांगितलं, ख्रिस्ताची शिष्या मग्दालिया हिनं रोमच्या बादशहासमोर अंडं धरलं, बादशहा म्हणाला मेलेला उठला असेल तर हे लाल होईल, आणि ते लाल झालं. जयमाला नाकानं हसली. बादशहाला दुसरे उद्योग नव्हते. मग पान उलटलं आणि तिला हवं होतं ते सापडलं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. माणसं उपास पाळत होती, कोंबड्या पाळत नव्हत्या. उन्ह वाढलं की त्या जोरात अंडी घालायला लागतात. चाळीस दिवसांची अंडी साचायची. नासू नयेत म्हणून उकडायची. आणि उपास सुटला की वाटायची, रंगवून, म्हणजे पाहुण्याला शिळं वाटू नये. एवढंच. ना देवी, ना रक्त. शिल्लक राहिलेली अंडी. तिनं हे वहीत उतरवलं तेव्हा तिला खरोखर आनंद झाला. आणखी एक शब्द तिनं डिक्शनरीत पाहिला. ज्यांना हे लोक 'पेगन' म्हणतात, ख्रिस्ताच्या आधीचे, दगडधोंडे पुजणारे, त्या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थ होता खेडूत. गावंढळ. ज्याच्यापर्यंत बातमी उशिरा पोचते तो.

बातमी. त्यांच्या गावात बातमी सत्तावन्न सालच्या चैत्रात पोचली होती, आणि ती आणली होती तिच्या बाबांनी. महाडच्या बाजूचं गाव. वाडी गावाबाहेर, आणि तिला तेव्हा बौद्धवाडी म्हणत नसत. बाबा, म्हणजे बाजीराव तांबडे, मुंबईच्या गोदीत कामाला, पांढरा सदरा घालून आले आणि त्यांनी घराघरातले देव गोळा केले. टाक, तांदळे, शेंदूर फासलेले गोटे, सगळे एका टोपल्यात. नऊ वर्षांची जयमाला टोपल्याच्या एका कडेला धरून नदीपर्यंत गेली होती. देव जड होते, तिच्या बोटांना टोपल्याचा काच पडला होता. बाबांनी एकेक देव उचलून डोहात टाकला, आणि प्रत्येक देव बुडताना नाकानं हसले. रागानं नव्हे. कुणीतरी आयुष्यभर फसवावं आणि एक दिवस ते कळावं, तेव्हा माणूस जसं हसतो तसं. बायका काठावर मुकाट्यानं उभ्या होत्या. आईही होती. तिचा चेहरा जयमालाला आठवत नव्हता, कधीच आठवला नाही. आठवायचा तो बाबांचा ओला हात आणि तो आवाज. पुढं शिकताना, नोकरीत, सवर्ण मैत्रिणींच्या घरी वेगळ्या कपातला चहा पिताना तिनं तो आवाज स्वतःचा करून घेतला. बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. पेन्शन, घड्याळ आणि ते हसणं एवढं त्यांनी मागं ठेवलं, आणि हसणं तेवढं लेकीला मिळालं.

गुरुवारी ती असेंब्लीत बोलली आणि फार चांगली बोलली. त्या साधूचं एक वाक्य, बादशहा, उपास, कोंबड्या. "कोंबड्यांनी उपास पाळला असता," ती म्हणाली, "तर आज हे प्रदर्शन नसतं." पोरं खदखदून हसली. मग तिनं शेवटचं ठेवणीतलं काढलं: ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, वसंतात दिवस-रात्र सारखे झाले की त्यानंतरच्या पहिल्या पुनवेनंतरचा रविवार, म्हणजे उद्याची आपली चैत्री पुनव तीच यांची, ज्या चंद्राखाली इथली गावं देवाला कोंबडं देतात त्याच चंद्राखाली तिथं अंडी वाटतात, तेव्हा कुणी कुणाला मागासलेलं म्हणायचं कारण नाही, सगळेच सारखे मागासलेले आहेत. तिला वाटलं होतं, आता तरी सिस्टरांचा चेहरा पडेल, संस्कृतच्या बाई उठून जातील. सिस्टरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. "वंडरफुल! किती माहिती!" संस्कृतच्या बाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? चंद्रसुद्धा आपलाच." जयमाला स्टेजवरून उतरली तेव्हा तिला चक्क थकल्यासारखं झालं. तिनं दगड मारला होता आणि तो कापसात पडला होता.

नेरुळला जाणारी बस तुर्भ्याच्या नाक्यावर ट्रकांच्या मागं अडकली. केमिकलचा, गरम डांबराचा आणि खाडीचा वास खिडकीतून आत येत होता. याच पट्ट्यातल्या एका कंपनीत सुधीर, तिचा नवरा, शिफ्टला होता. टाळ्या अजून तिच्या कानात होत्या. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांचं काय करावं हे बाबांनी शिकवलं नव्हतं. नेरुळच्या नव्या कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, समोर मोकळं माळरान, त्यापलीकडे शिरवणे गावाची कौलं. दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिची आठ वर्षांची लेक सुचित्रा आणि जयमालाची आई केशरबाई समोरासमोर बसल्या होत्या. सुचित्रापुढे शाळेतून परत आणलेलं निळं अंडं होतं, आणि केशरबाईच्या हातात एक खरं, भरलेलं. ती त्याला करंगळीनं कुंकवाचे ठिपके लावत होती. एक, दोन, तीन. अंडं अलगद फिरवून चौथा. इतक्या सरावानं, की जयमाला चप्पल न काढता दारातच थांबली.

"हे काय?"

केशरबाईनं वर पाहिलं. "पोरीचं बघून मीपन रंगवते," ती म्हणाली आणि हसली, पण अंडं पदराखाली गेलं.

"आजी उद्या जत्रेला नेणारेय मला," सुचित्रा म्हणाली. "शिरवण्याला. गोजरा आजीच्या गावदेवीला. हे अंडं तिला द्यायचं."

गोजरा म्हणजे शिरवण्याची म्हातारी. पूर्वी घरची भातशेती होती, ती जमीन नव्या शहरासाठी गेली. आता ती कॉलनीत दारोदार अंडी आणि सुकी मासळी विकायची आणि जयमाला शाळेत असताना केशरबाईकडे चहाला टेकायची. जयमालानं तिला कधी पाहिलं नव्हतं, रिकामा जास्तीचा कप तेवढा पाहिला होता.

"आई, आपल्या घरात कुणाचा फोटो आहे भिंतीवर?" जयमाला म्हणाली. "बाबांनी देव नदीत टाकले ते कशासाठी? पोहायला?"

"एक अंडं तं हाय, जयू. म्हातारीनं येवढ्या मायेनं बोलावलंय."

"माया! तिला गिऱ्हाईक हवंय. आणि तुला दगड हवाय. अठ्ठावीस वर्षं झाली, आई. अठ्ठावीस वर्षांत तुझ्यापर्यंत बातमी पोचली नाही? गावंढळ ती गावंढळच." शब्द तोंडातून गेला आणि तिला जाणवलं, असेंब्लीत मारलेला जो दगड कुठं लागला नाही तो इथं बरोब्बर लागला. त्यात एक वाईट समाधान होतं. "का देतात अंडं, सांग बघू पोरीला. मी तीनशे मुलांना सांगून आले. तू एकीला सांग."

केशरबाई थोडा वेळ बोटावरचं कुंकू वर्तमानपत्राला पुसत राहिली. "का म्हंजे? बकरा ज्याच्याकडं हाय तो बकरा देतो. आमच्याकडं कोंबडी होती. कोंबडी कापली तं उद्या काय खायचं? म्हनून अंडं द्यायचं. जे हाय त्यातलं द्यायचं." मग सुचित्राकडं न बघता ती म्हणाली, "तुला गोवर आला होता, देव नदीत टाकले त्याच सालच्या पावसाळ्यात. अंग तापलंवतं, डोळं फिरवलेस. तेव्हा तुझ्या बाबानंच नेऊन ठेवलंवतं अंडं. शिवेवरच्या दगडाला. भर दुपारी. मला म्हनला, कुनाला बोलू नको. मी नाय बोलले कुनाला."

 जयमालाला बाबा दिसले, पांढऱ्या सदऱ्यात, शिवेकडं चाललेले, एक हात खिशाशी धरून. आणि ते तिला दिसले म्हणूनच ती चवताळली. तिनं जे कधी पाहिलं नव्हतं ते इतकं स्वच्छ दिसायचं काही कारण नव्हतं. "खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "बाबांना तरी तुझ्या चिखलात ओढू नकोस. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही, म्हणून?"

केशरबाई उठली. तिनं वर्तमानपत्र गोळा केलं, घडी केली, मोरीत जाऊन हात धुतले. रात्रीच्या जेवणाला तिनं सगळ्यांना वाढलं, सुधीरला भात हवा का विचारलं, पण जयमालाकडं पाहिलं नाही. अंड्याचा विषय कुणी काढला नाही. जयमालाला वाटलं, मिटलं. तिच्यापुढं गोष्टी मिटतात याची तिला सवय होती. समोरचा गप्प बसला की ती मिटणं समजायची.

शुक्रवारी गुड फ्रायडेची सुटी. सुधीर सकाळच्या शिफ्टला गेला. जयमाला पेपर काढत बसली होती: पानिपतच्या पराभवाची कारणं लिहा, कोणतीही चार. दहाच्या सुमारास घर जास्तच शांत वाटलं. स्वयंपाकघरात भाकऱ्या झाकून ठेवलेल्या. आई नव्हती, सुचित्रा नव्हती. ती तशीच उठली, दाराला कडी घातली आणि माळरानातून तरातरा निघाली. उन्हानं खडी पांढरी पडली होती. जत्रेचा ढोल ऐकू येत होता, मध्येच लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं. ती मनाशी वाक्यं घासत होती. सगळ्यांदेखत बोलायचं नाही. सुचित्राचा हात धरायचा, आईला एवढंच म्हणायचं, घरी चल. नाही, म्हणायचं, बाबांच्या नावानं तरी लाज वाटू दे. वाटेत फुगेवाले, बर्फाचे गोळे, नव्या बुलेटवर बसलेले गावातले पोरगे, गळ्यात सोनं, हातात घड्याळ. गावंढळांना पैसा मिळाला की काय करतात, तर जत्रा मोठी करतात. देऊळही नवं होतं, टाइल्स लावलेलं, न्हाणीघरासारखं. तिला ते बघून बरं वाटलं. तिरस्कार जागेवर होता, पाय भराभर पडत होते.

मग तिला आई दिसली. देवळात नव्हती. दारात बायकांची गर्दी होती, नारळ, कोंबड्यांची फडफड, आणि त्या सगळ्यापासून दहा-बारा हात लांब, आंब्याच्या झाडाखाली केशरबाई उभी होती. चप्पल काढून बाजूला ठेवलेली. पदर डोक्यावरून, दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, घरी ती कधी घेत नसे तसा. पाय जुळवलेले. अंग एका बाजूला चोरलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा धक्का लागू नये म्हणून. सुचित्रा तिचं बोट धरून टाचा उंचावून आत बघत होती. एक हाडकुळी म्हातारी, हिरवं लुगडं नेसलेली, ही गोजराच असणार, देवळाच्या पायरीवरून हाका मारत होती. "ये ना गो बाय, आत ये! थय काय ऱ्हायलीस लांब?"

"नको, हितूनच बरं," केशरबाई म्हणाली. "तूच ठेव माझ्या नावानं."

"अगो, कोन काय बोलनार हाय तुला? चल!"

"नको गं. हितूनच."

जयमाला फुगेवाल्याच्या मागं थांबली. तिला एकदम कळलं की हे उभं राहणं तिनं आधी पाहिलं आहे. नदीच्या काठावर नव्हे, त्याच्याही आधी, गावच्या देवळाबाहेर, चिंचेखाली. आईचं बोट धरून, टाचा उंचावून, आत काय आहे ते बघायला. कुणीतरी आतून आलं होतं, आईच्या हातातलं घेण्याआधी त्यावर पाणी शिंपडलं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की आईला दगड सुटत नाही. आईला सुटली नव्हती ती ही दहा-बारा हातांची जागा. इथं कुणी अडवत नव्हतं, नव्या शहरातल्या या देवळात कोण कुठली हे विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि आई स्वतःहून मोजून लांब उभी होती.  ती जे सांगायला आली होती ते सगळं पुसलं गेलं. देवी असो, दगड असो, न्हाणीघर असो, आईनं त्या पायऱ्या चढाव्यात, बायकांना कोपरानं सारून आत जावं, दगडाला हात लावावा, हवं तर थापट मारावी, आणि मग बाहेर यावं, असं तिला इतक्या जोरानं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ती पुढं झाली.

केशरबाईनं तिला पाहिलं. तिचा हात झटकन पदराखाली गेला, अंड्यासकट. सुचित्रा आजीच्या मागं सरकली. गोजरा पायरी उतरून जवळ आली. "ही कोन गो?"

"माझी लेक," केशरबाई म्हणाली, आणि एवढ्या भीतीतही तिच्या आवाजात अभिमान आला. "मास्तरीन हाय. इंग्लिश शाळंत."

"आई," जयमाला म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "आत जा. आत जाऊन ठेव ते."

 केशरबाईचा चेहरा मिटत गेला. "आता चारचौघांत तरी टोमणे नको मारू, जयू," ती हळू म्हणाली. "नाय जात मी. नाय ठेवत."

"नाही आई, मी खरंच म्हणतेय. जा ना आत. का लांब उभी राहतेस? जा!"

"बास. कळलं मला. चुकलं माझं." केशरबाईनं वाकून चपला पायात सरकवल्या. पदराखालचा हात बाहेर काढून तिनं अंडं गोजराच्या हातात दिलं, देवीला म्हणून नव्हे, दुकानातली वस्तू परत करावी तसं. "तुझं तुला ठेव बाय. लेकीला नाय आवडत." आणि ती सुचित्राला घेऊन माळरानाकडं चालू लागली, मागं न बघता, म्हातारपणाच्या मानानं फारच भराभर.

गोजरा हातातल्या अंड्याकडं आणि मग जयमालाकडं बघत होती. "खरंच म्हणत होते मी," जयमाला तिला म्हणाली. म्हातारीनं मान हलवली, पटलं म्हणून नव्हे, समोरच्या बाईला उन्ह लागलं असावं तशी, आणि गर्दीत शिरली. जयमालानं ते वाक्य पुन्हा, आता कुणालाच नाही, हळू आवाजात म्हणून बघितलं; मग थोडं मोठ्यानं, मग नुसतं 'आत जा' एवढंच. ती वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणत राहिली, आणि शेजारचा फुगेवाला तिच्यापासून जरा लांब सरकला.